मापाऱ्याची लेक आणि भातवाटी

नदीकाठच्या एका बाजारगावात एक मापारी राहत असे. बाजाराच्या दिवशी धान्याच्या राशीपुढे मांडी घालून तो पायलीने धान्य मोजून द्यायचा. त्याचा हात इतका खरा होता, की विकणारा आणि घेणारा दोघेही निर्धास्त गप्पा मारत उभे राहत. त्याचा एक नेम होता. हाती घेतलेले माप शिगोशीग भरल्याशिवाय तो खाली ठेवत नसे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरी मुलगी जन्मली. तिचे नाव गोदी ठेवले.

गावातली म्हातारी सुईण बाळ-बाळंतिणीचे बघायला रोज येई. सगळे तिला मावशी म्हणत. आठव्या दिवशी मापाऱ्याने तिला दारातच गाठले.

"मावशी, पोरीचं पोट भरलं हे कळायचं कसं? आत किती दूध गेलं ते काही दिसत नाही."

"मग काय, तुझ्या बायकोला पायलीसारख्या खुणा करून देऊ?" मावशी म्हणाली. आतून मापाऱ्याची बायको हसली. "अरे, लंगोट मोज हवं तर. दिवसाकाठी सहा-सात भिजले की समज, पोर नीट पितेय. भूक लागली की मूठ तोंडात घालेल, पोट भरलं की आपणच सोडेल. सहा महिने आईचं दूध पुरतं. वरून मध नको, पाणी नको."

मापाऱ्याच्या बायकोने ते मनापासून ऐकले. गोदी बाळसे धरू लागली.

सहा महिने सरल्यावर उष्टावण झाले. मामाने चांदीच्या वाटीतून खिरीचे बोट चाटवले आणि ती वाटी भाचीला दिली. मापारी फार खूश झाला. आता कसे, पोटात काय जाते ते डोळ्यांना दिसणार होते. तो वाटीभर मऊ भात कालवून घेई, वर तूप घाली आणि वाटी रिकामी झाल्यावरच खाली ठेवी. अर्धी वाटी तशीच ठेवणे म्हणजे त्याला अर्धी पायली भरून उठण्यासारखे वाटे.

वर्षभराची झाल्यावर गोदी चालू लागली. तिला मुंगी बघायची असे, उंबरा चढायचा असे. चार घास खाल्ले की ती ओठ मिटून घेई. मग काऊचा घास झाला, चिऊचा झाला, गोठ्यातल्या वासराचाही झाला. तेही सरले तेव्हा मापारी बायकोला म्हणाला, "जरा हात धर तिचे."

"अहो, राहू द्या. नको म्हणतेय ती."

"तिला काय कळतंय? दोनच घास उरलेत."

असे रोज होऊ लागले. गोदी घास गालात धरून बसू लागली. वाटीचा आवाज आला की धान्याच्या कणगीमागे लपू लागली. दोन वर्षांची होता होता तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मापारी घाबरला, आणि घाबरला म्हणून वाटी आणखी दाबून भरू लागला. एके दिवशी सकाळी घास तिच्या घशात अडकला. पोर काळीनिळी पडली. आईने तिला पालथी धरून पाठीत थोपटले, तेव्हा कुठे घास बाहेर पडला. त्यानंतर गोदी दोन दिवस काहीच खाईना.

मापारी मावशीकडे धावला. मावशी आली. तिने आधी विचारले, "वैद्याला दाखवलंत?"

"दाखवलं. दुखणं काही नाही म्हणाले."

"मग दुखणं तुझ्या हातात आहे, बाबा. ती वाटी उचलून ठेव. आठ दिवस तुम्ही जेवाल तेव्हा तिला शेजारी बसवा. ताटलीत मऊ भात, भाकरीचा कुस्करा, शिजवलेला भोपळा, जे घरात असेल ते थोडं थोडं वाढा. काय वाढायचं आणि कधी, ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू दे."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर ताटली उचला आणि पुढच्या वेळेला पुन्हा वाढा. मधे आर्जवं नाहीत, रागावणं नाही."

मावशी पदर सावरत हळूच म्हणाली, "माझा मुलगा ताट सरकवायचा, तेव्हा मीही चिडायचे. आता माझ्यासमोर दुसरं ताट नसतं. ताट सरकवायला समोर कुणी आहे, हे केवढं आहे ते बघ."

मापाऱ्याने वाटी फडताळात ठेवली.

पहिल्या दिवशी गोदीने ताटलीकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी तिने भाताची चार शिते उचलली, दोन खाल्ली आणि दोन जमिनीवर चिकटवली. मापाऱ्याचा हात आपोआप पुढे गेला. बायको नुसती त्याच्याकडे बघत होती. त्याने हात मागे घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला. उभ्या जन्मात त्याला एवढे जड काही वाटले नव्हते.

पाचव्या दिवशी तो भाकरी मोडत असताना गोदी सरकत सरकत जवळ आली. तिने त्याच्याच ताटातला भोपळा उचलून खाल्ला. मग आणखी एक फोड. नंतर हात झटकून ती वासराकडे पळाली. मापारी तिच्या पाठीकडे बघत राहिला. किती खाल्ले, हे मोजायचे त्या दिवशी तो विसरला.

बरगड्या भरायला चार महिने लागले. कधी ती अख्खी भाकरी मागे, कधी चतकोरात उठे. दोघांनीही ते तसेच चालू दिले.

गोदीचे चौथे वर्ष संपले, तेव्हा त्यांनी मावशीला जेवायला बोलावले. लुगडे-चोळी देऊन दोघे तिच्या पाया पडले. गोदीने हट्टाने वाढपाचे काम मागून घेतले होते. पुरणपोळी घेऊन ती मावशीसमोर उभी राहिली. "मावशी, आणखी वाढू?"

"पुरे गं बाई, पोट भरलं."

"असं कसं मावशी," मापारी म्हणाला, "आज आग्रह मोडायचा नाही. गोदे, वाढ गं तिला अर्धी."

गोदीने पोळी मागे घेतली. "बाबा, मावशी पुरे म्हणाली ना?"

मापारी ओशाळून हसला. मावशीने गोदीला ओढून मांडीवर बसवले.

तात्पर्य: लेकराला काय वाढायचे ते आपण ठरवावे, पोट कधी भरले ते त्याला सांगू द्यावे, आणि ते समोर जेवायला बसले आहे, याबद्दल मनात कृतज्ञ असावे.