दगडाच्या पोटातले पाणी

एकदा एका तांब्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, खाणकाम जाणणारा एक वृद्ध आपल्या शिष्यासह येऊन राहिला. त्या डोंगरातली जुनी खाण कित्येक वर्षे पाण्याखाली होती. एका व्यापाऱ्याने ती विकत घेतली होती, आणि बुडालेले बोगदे पुन्हा मोकळे करण्यासाठी वृद्धाला बोलावले होते. व्यापाऱ्याला तांबे हवे होते. शिष्याला बाप हवा होता. तो याच डोंगराखालच्या गावचा; खाणीत पाणी घुसले त्या दिवशी त्याचा बाप आतच राहिला होता. आई अजून कुंकू लावत असे. "देह पाहिल्याशिवाय पुसणार नाही," असे ती म्हणे, आणि तिला वेडी ठरवून गावातले शहाणे मोकळे झाले होते.

वृद्धाने उपशाचा नियम घालून दिला. मोटांनी हातभर पाणी काढायचे, मग थांबायचे. उघड्या पडलेल्या छताला नवे टेकू द्यायचे, दगड निथळू द्यायचा, आणि मगच पुढचा हात. या चालीने पावसाळ्यापूर्वी तळ लागणे शक्य नव्हते, आणि पावसाळ्यात खाण पुन्हा तुडुंब भरणार होती. एवढा हिशेब शिष्यालाही येत होता. म्हणून वृद्ध तापाने अंथरुणाला खिळताच त्याने मोटा दुप्पट केल्या आणि थांबणे बंद केले.

वृद्ध उठून आला तेव्हा बोगदा नुकताच रिकामा झाला होता. सागाचे जुने टेकू जसेच्या तसे उभे होते. व्यापारी हर्षभरित झाला. "गुरुजी, पाणी गेलं, छत जागेवर आहे. आता घोडं कुठे पेंड खातंय?"

वृद्धाने मुखाशी उभे राहून छतावर पहार ठोकली. दगड खणखणला नाही, बद्द वाजला. भिंतीच्या भेगांतून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या. त्याने साऱ्या मजुरांना बाहेर बोलावले, आणि खाणीच्या मुखाजवळचा ओढा अडवून धरणारा बांध स्वतःच्या हाताने कुदळ घेऊन फोडला. पाणी खाणीत धावले.

शिष्याने त्याचा हात धरला. "गुरुजी, बाबा तिथे आहेत! त्या वळणापलीकडेच आहेत!"

"पोरा, बोगद्यातलं पाणी तू उपसलंस. दगडाच्या पोटातलं कोणी उपसलं? इतकी वर्षं आतलं नि बाहेरचं पाणी एकमेकांना रेटून होतं. बाहेरचं तू काढून घेतलंस. आता आतलं भिंतीला ढकलतंय, नि डोंगराचं ओझं एकदम त्या जुन्या लाकडांवर आलंय."

"मग पुन्हा भरू द्या. या वेळी हळू काढू."

"भेगा उघडल्या, आता त्या मिटत नाहीत. खाण वाचवायला मी बांध फोडला नाही. ती कोरडी राहिली असती तर तू आत गेला असतास, नि तुला शोधायला आणखी चौघे."

तो बोलत असतानाच डोंगरात काहीतरी खचले. पायाखालची जमीन हादरली, मुखातून गढूळ पाणी उसळले आणि मग शांत झाले. व्यापाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या डोंगराची चौकशी सुरू केली. शिष्य लहान मुलासारखा रडला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "माझा हिशेब चुकला होता का? हळू गेलो असतो तर पोचलो असतो?"

"नाही. पाऊस आला असता."

"म्हणजे वाट नव्हतीच?"

"नव्हती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या आईकडे पाहून जीभ रेटली नाही."

इथे एखादे सुवचन यायला हवे, हे मला कळते. पण मला ते सुचत नाही.

शिष्य घरी गेला. आईने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "म्हाताऱ्यानं अडवलं ना तुला?" हो म्हटले असते तर निभावले असते, तिला रागवायला कोणीतरी मिळाले असते.

"नाही आई," तो म्हणाला. "घाई मी केली. आता तिथे कोणालाच जाता येणार नाही."

ती उठून आत गेली. त्यानंतर तिने त्याला बापाविषयी कधी विचारले नाही, आणि दुसऱ्या कशाविषयीही नाही.