उद्यापन कोणत्या देवाचं?

“पण महाराज, उद्यापन करायचं तरी कोणत्या देवाचं?”

त्र्यंबकशास्त्री घाटावरच्या मठात निरंजनबुवांसमोर बसले होते. पत्नी गोदूबाई बाहेर, कडुनिंबाखाली. गाडीतून उतरताना तिला धरावं लागलं होतं.

“तिलाच विचारा.”

“विचारलं. म्हणते, राहू द्या. वैद्य सांगतात, अंगात रक्त उरलं नाही, पोटभर जेवू घाला. आणि ही ताट पुढे आलं की म्हणते, उपास आहे. उद्यापन झाल्याशिवाय व्रत सुटायचं कसं? मी सगळे ग्रंथ पाहिले… असं व्रतच सापडत नाही.”

“ग्रंथात शोधलंत होय!” बुवा हसले. “धरलं कधी?”

“माझी पाठशाळा बंद पडली, त्या दुष्काळात.” शास्त्र्यांचा आवाज किंचित चढला. “लोक पतिव्रता पुराणात ऐकतात, मी घरात पाहिली. वनवासातल्या राणीचं आख्यान लावलं की मी हिचंच नाव घेतो. राणी राजाला कंदमुळं वाढते, स्वतः व्रतस्थ राहते. त्या तपाच्या बळावर राज्य परत येतं. मलाही पुढे संस्थानात मान मिळाला, तो हिच्याच पुण्याईने.”

“त्या वनात कंदमुळं किती होती?”

“कवीने ते सांगितलेलं नाही.”

“बरं. तुमच्या घरात?”

“ज्वारी असायची थोडी. माझ्यापुरती भाकरी व्हायची.”

“आणि उपासाला ती काय खायची? वरी? शेंगदाणे?”

“छे! वरी कुठली परवडायला…”



“मग?”

“…पाणी प्यायची.”

बुवांनी बाहेर कडुनिंबाकडे पाहिलं.

“मी विचारायचो, आज उपास कसला? ती वार सांगायची. सोमवारी सोमवार. मंगळवारी मंगळवार…” शास्त्र्यांनी उपरणं तोंडाशी धरलं. “आणि मी हे श्रोत्यांना कौतुकाने सांगत आलो, महाराज.”

“हं.”

“पण आता कोठी भरलेली आहे. आता का जेवत नाही?”

“भुकेला रोज दारातून परत पाठवलं, शास्त्रीबुवा. ती भूक आता कशाला येईल?”

…

मठात पंगत मांडली. रिवाजाप्रमाणे पुरुष आधी बसले, बायका मागून बसणार होत्या. शास्त्रीही सवयीने पाटावर बसले. भात वाढून झाला. वरण आलं. त्यांचा हात काही पुढे होईना.

बुवा पंगतीतून चालत आले. वाकून त्यांनी शास्त्र्यांपुढची पत्रावळ उचलली आणि त्यांच्याच हातात दिली.

“बाहेर न्या. तिच्यापुढे ठेवा, आणि जवळ बसा.”

“ती हात लावायची नाही, महाराज. आधी विचारेल, तुमचं जेवण झालं का? काय सांगू?”

“सांगा… आज मला उपास आहे.”