दुसऱ्याच्या हातची सुरी

"ऑपरेशनं सोडून देऊ, बाई, की तोंड मिटून करत राहू?"

सर्जन विश्राम कुडाळकरने खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. समोर सालोमीबाई साळवे शेंगा सोलत बसल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्स म्हणून त्यांनी तीस वर्षं काढलेली. नव्या डॉक्टरांना टेबलाशी कसं उभं राहायचं ते त्याच शिकवायच्या. विश्रामही त्यांच्याच हाताखालचा.

"झालं काय?"

"एचआयव्ही. ऑपरेशन करताना सुई बोचली, मी दुर्लक्ष केलं." त्याचा आवाज खाली आला. "गोळ्या चालू आहेत. रक्तात आता विषाणू सापडतही नाही. आणि माझा हात चुकत नाही, मग कुणाला कशाला सांगू?... पण पेशंट टेबलावर आला की वाटतं, नकोच हे. राजीनामा लिहून ठेवलाय."

"म्हणजे दोन्ही निकाल तूच दिलेस."

"मग कुणी द्यायचे? या जिल्ह्यात माझ्याइतकी ऑपरेशनं कुणी केलीत?"

बाईंनी एक शेंग फोडली.

"उद्या तुझं आतडं अडकलं, तर सुरी कोण धरेल?"

"दुसरा सर्जन."

"का रे? तुझा हात तर चुकत नाही."

...

त्याने सुपातली एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

"या आजारातल्या जाणत्या डॉक्टरांपुढे जा," बाई म्हणाल्या. "तुझी गोष्ट पोटात ठेवतील अशांपुढे. काय कर, काय सोड, ते सांगतील."

"आणि गावाला सांगायचं?"

"गावाचा काय संबंध?"

महिन्याभराने तो परत आला. चेहरा उजळलेला.

तिघा डॉक्टरांनी त्याचे कागद पाहिले होते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. खोलवर, डोळ्यांना न दिसता नुसत्या बोटांच्या अंदाजाने करावी लागणारी मोजकी ऑपरेशनं दुसऱ्याने करायची. बाकी सगळं चालू. कुठेही बोभाटा नाही. निघताना त्यांतल्या एका वयस्क डॉक्टरांनी आपला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला होता. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तो पोटभर जेवला.

"तुम्ही नसता तर, बाई..."

तो त्यांच्या पायांशी वाकला.

बाईंनी पाय मागे घेतला. मधुमेहाने त्या पायाला जखम झाली होती. त्यांनी स्वतःच पट्टी सोडली आणि पाय त्याच्यापुढे धरला.

त्याने वर पाहिलं. "मी... बाई?"

"नमस्कार राहू दे. हात धुऊन ये लवकर, जखम उघडी पडलीय."