बिबट्याचा अर्ज आणि रातकिड्यांची पूड

विषय : शिकारीऐवजी रातकिड्यांची पूड खाण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : बिबट्याचा अर्ज, पळसाचे पान एक. सोबत नमुन्याची पुडी एक.

उपरोक्त विषयास अनुसरून बालवाचकांना कळविण्यात येते की, एका जंगलात एक सांबर राहत असे. ते जंगलाच्या आहार समितीचे सचिव होते. कोणी काय खावे हे त्या जंगलात पूर्वीपासून ठरलेले होते. त्यात बदल हवा असेल, तर जांभळीखालच्या कार्यालयात येऊन रीतसर अर्ज करावा लागे. कार्यालयीन वेळेत कोणी कोणाला खायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे समोर बिबट्या बसला तरी सांबर शांतपणे रवंथ करत असे. जांभळीच्या बुंध्यावरचे ऊन उतरले की कार्यालय सुटे, आणि सांबर त्याच्या थोडे आधीच निघे. अकरा पावसाळ्यांत त्याने एकही अर्ज नामंजूर केला नव्हता. मंजूरही केला नव्हता.

एके दिवशी एक बिबट्या लंगडत आला. "साहेब, गुडघे कुरकुरायला लागलेत," तो म्हणाला. "दहा वेळा धावावं तेव्हा एकदा जेवण मिळतं. त्यात तुमचा कळप निम्म्यावर आलाय. आणखी चार पावसाळ्यांनी मी धावायचं कुणाच्या मागे? रातकिड्यांचं तसं नाही. पाचोळ्यावर पोसतात, बिळात मावतात आणि बघता बघता वाढतात. अस्वलदादा ते वाळवून, भाजून, दगडावर कुटून पूड करतात. पाण्यात कालवली की झालं. भाजक्या चण्यासारखी लागते म्हणतात. मी अजून चाखलेली नाही, परवानगी नाही ना!"

सांबराने पुडी हुंगली आणि नाक मुरडले. "किडे? शी! अहो, तुम्ही बिबटे. घराण्याला शोभेल असं काही खा."

"शोभेल असं म्हणजे काय, साहेब?"

"ते समितीने सांगायचं नसतं."

समितीचे अध्यक्ष मोर होते. दिवसाला शंभर किडे सहज गिळणारे गृहस्थ. त्यांनी मान तिरकी करून पुडीकडे पाहिले. "किडा कसा, चोचीत वळवळायला हवा! पुडीत कोण आहे, किती आहेत, काय कळणार?" एवढे बोलून ते पिसारा झटकायला टेकडीवर निघून गेले.

दुपारी सांबरीण कोवळा पाला घेऊन आली. तिने सगळे ऐकले. "अहो, खाऊ द्या की त्यांना!" ती म्हणाली. "त्यांचं पोट पुडीने भरलं, तर आपली पाडसं तरी सुखाने चरतील."

"तू यात पडू नकोस. हा धोरणाचा प्रश्न आहे," सांबर म्हणाले. पाला खाऊन झाल्यावर त्याने पळसाचे दुसरे पान घेतले, सवयीने शेरा लिहिला, खाली खुराचा ठसा उमटवला आणि मोठ्याने वाचून दाखवले : "नमुन्याची तपासणी होऊन निर्णय होईपर्यंत अर्जदाराने पूर्वीचाच आहार चालू ठेवावा."

बिबट्याने पान दोनदा वाचले. "साहेब, एक शंका आहे. पूर्वीचा आहार म्हणजे?"

"जो तुम्ही आजवर घेत आलात तो."

"म्हणजे सांबर."

"अगदी बरोबर. सां..." सांबराच्या तोंडातली रवंथ तिथेच थांबली.

बिबट्याने जांभळीच्या बुंध्याकडे पाहिले. ऊन बोटभर उरले होते. "कार्यालय आता सुटेलच, नाही का?" त्याने अदबीने विचारले.

"थांबा, थांबा! आत्ता दुरुस्ती करतो."

"दुरुस्तीला अध्यक्षांची सही लागते, साहेब. मी नियम वाचूनच आलोय. माझी स्वतःची इच्छा मुळीच नाही हो! पण आदेश पडला तुमचा."

ऊन उतरले. सांबराने सचिवाला न शोभेल अशी उडी मारली आणि सांबरिणीच्या मागोमाग नदीकडे धूम ठोकली. बिबट्या आदेशाचे पालन म्हणून मागे धावला. तेराव्या ढांगेला त्याचा गुडघा अडला. तो खाली बसून गुडघा चाटू लागला, तोवर सांबर कळपासह पैलतीरी पोहोचले होते.

आजची स्थिती पुढीलप्रमाणे आहे. अंतिम आदेश सचिवाने स्वतः, कार्यालयात, अर्जदारासमक्ष काढायचा असतो. अर्जदार रोज वेळेवर जांभळीखाली येऊन बसतो. नमुन्याची पुडी रोज संध्याकाळपर्यंत रिकामी होते आणि अस्वल ती रोज सकाळी भरून देते. पूड मुंग्या नेतात, असे अर्जदाराने लेखी कळवले आहे. त्याच्या मिशांना पूड लागलेली असते, अंगावर चकाकी आली आहे आणि लंगडणेही कमी झाले आहे. परंतु याची नोंद घ्यायला कार्यालयात कोणी नाही.

पैलतीरी सांबरीण रोज एकच विषय काढते. "अहो, पंधरा दिवस झाले, कळपातलं एक पाडस कमी झालेलं नाही. आता तरी जा आणि मंजुरी देऊन या."

"अर्ज मंजूर झाल्याशिवाय मी त्या काठावर खूर ठेवणार नाही," सांबर ठामपणे सांगते.

"पण मंजूर करणार कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : दुसऱ्याच्या ताटातला नवा पदार्थ पाहून नाक मुरडण्याआधी, तो नसता तर त्या ताटात कोण असते, एवढे पाहून घ्यावे.