हळद लागलेली खुर्ची

एकदा एक वृद्ध प्रशिक्षक आपल्या मुलींचा संघ घेऊन व्हीलचेअर बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी परदेशी गेले. या खेळात एक विलक्षण नियम आहे. ज्या खेळाडूच्या शरीरावर तिचा ताबा जितका कमी, तितके तिच्या वर्गवारीचे गुण कमी. मैदानातल्या पाच जणींच्या गुणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. त्यामुळे जास्त गुणांच्या चांगल्या नेमबाज खेळवायच्या, तर सोबत एका गुणाची खेळाडू घ्यावीच लागते.

ती एका गुणाची खेळाडू म्हणजे आपल्या गोष्टीतली शिष्या. छातीखाली तिला संवेदना नव्हती. दोन वर्षे संघात होती, पण तिच्या हातून एकही बास्केट झाली नव्हती. बेरीज जुळावी म्हणून आपल्याला ठेवले आहे, हे तिच्या मनाने घेतले होते, आणि मनाने एकदा घेतले की ते कोण काढणार? स्पर्धेला चार दिवस उरले असताना तिने प्रशिक्षकांना सांगितले, की राखीव मुलीला माझी जागा द्या, मी घरी जाते.

“गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, सर. माझं दुसरं काय आहे इथे?”

प्रशिक्षकांनी समजूत घातली नाही. उद्या यजमान संघाबरोबर सराव सामना आहे, तेवढा खेळ आणि मग जा, एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींच्या शिध्यातली हळद मागून घेतली, तेलात कालवली आणि शिष्येच्या खुर्चीला पुढे जो आडवा लोखंडी दांडा असतो, त्याला जाडसर फासली. यजमान प्रशिक्षकांची परवानगी त्यांनी आधीच काढली होती. मुली हसू लागल्या. खंडेनवमी यंदा लवकर आली वाटतं, असे एकीने म्हणूनही घेतले. शिष्येला मात्र लाज वाटली. जाता जाता आपली थट्टा कशाला, असे तिला झाले.

सामना संपला. तिची बास्केट नेहमीप्रमाणे शून्य. प्रशिक्षकांनी तिला यजमानांच्या खुर्च्या ओळीने ठेवल्या होत्या तिथे नेले. चार खुर्च्यांवर हळदीचे एखाददुसरे बोट होते. पाचवी खुर्ची त्यांच्या सर्वांत उंच नेमबाजाची. तिची दोन्ही चाके पिवळीधमक झाली होती.

“ही जेव्हा जेव्हा बास्केटकडे वळली, तेव्हा तुझी खुर्ची आडवी होती,” प्रशिक्षक म्हणाले. “हिला अडवलंस म्हणून आपल्या मुलींना वाट मिळाली. चेंडू कुणाच्या हातात आहे हे सगळ्या जगाला दिसतं. वाट कुणी करून दिली ते दिसत नाही, म्हणून हळद लावावी लागली. तो एक गुण तुझ्या कमरेतल्या ताकदीचा आहे, पोरी. तुझ्या खेळाचा नव्हे. आता जायचं असेल तर जा.”

शिष्येने त्या चाकावरून बोट फिरवले, ते पिवळे झाले. तिला रडू आले, आणि ते तिने लपवले नाही. ती घरी गेली नाही.

स्पर्धेत याच यजमानांशी गाठ पडली आणि आपला संघ एका बास्केटने हरला. इतर सामन्यांत पंधरा-पंधरा बास्केट करणाऱ्या त्या उंच खेळाडूला या सामन्यात तीनच करता आल्या. खेळ संपल्यावर छायाचित्रकार तिच्याभोवती जमले. त्यांना बाजूला सारून तिने खुर्ची वळवली, शिष्येच्या संघातल्या नेमबाज मुलींना ओलांडले आणि ती थेट शिष्येसमोर येऊन थांबली. घामाघूम चेहऱ्याने तिने आपल्या भाषेत काही विचारले. दुभाषी हसला.

“ती विचारते आहे, तुम्ही अजून किती वर्षं खेळणार आहात?”

“सांगा तिला,” शिष्या म्हणाली, “बरीच.”