झाकून ठेवलेलं माप

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसर म्हणजे इजिप्त देशातली गुलामी सोडून निघाले आणि वाळवंटात येऊन पोचले. तिथे ना शेत, ना विहीर. बरोबर आणलेलं पीठही संपलं. तेव्हा देवाने त्यांना आभाळातून अन्न दिलं.

ते अन्न कसं होतं सांगू? सकाळी दव उडून गेलं की वाळूवर धण्याएवढे पांढरे दाणे दिसायचे. पहिल्या दिवशी जो तो दुसऱ्याला विचारत होता, "हे काय आहे?" कुणालाच सांगता येईना. जिभेवर ठेवलं तर मध लावलेल्या पोळीसारखं लागलं. ऊन चढलं की उरलेले दाणे विरघळून जायचे.

लोकांच्या म्होरक्याने देवाचा निरोप सांगितला, "माणशी एक माप वेचा. आजचं आज खा. सकाळपर्यंत काही ठेवू नका."

त्या लोकांत एक तरुण बाई होती. तिची मुलगी अजून अंगावर पीत होती. नवरा गुरं घेऊन पुढे गेलेला, म्हणून तंबूत ती, मुलगी आणि सासू अशा तिघीच. त्या बाईला एकच घोर लागला. उद्या दाणे पडलेच नाहीत तर? मी उपाशी राहिले तर दूध कुठून येईल, आणि दूध नसलं तर मुलीचं काय होईल?

म्हणून तिने आपलं अर्धंच माप खाल्लं. अर्धं भांड्यात घालून अंथरुणाखाली झाकून ठेवलं.

सकाळी शेजारीण तंबूच्या दाराशी आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "काय गं, उशाला मेलेला उंदीर घेऊन झोपलीस का?"

बाईने भांडं उघडलं. आत अळ्या वळवळत होत्या. मान खाली घालून तिने ते वाळूत उलटं केलं.

सासू रागावली नाही. नातीला मांडीवर घेऊन म्हणाली, "सूनबाई, पोर काल दिवसभर किरकिरत होती. तू अर्धपोटी राहिलीस, म्हणून तिलाही पुरलं नाही. उद्याची भूक तू हिला आजच दिलीस बघ."

हे बाईला लागलं. त्या दिवसापासून ती पोटभर जेवू लागली. दूध भरून आलं, मुलगी हसू लागली. पण बाईने मनाशी एक गाठ मारून घेतली, की हे अन्न ठेवलं तर कुजतं.

मग आठवड्याचा सहावा दिवस आला. म्होरक्याने सांगितलं, "आज दुप्पट वेचा. उद्या सातवा, देवाचा विसाव्याचा दिवस आहे, दाणे पडणार नाहीत. भाजून, शिजवून उद्यासाठी ठेवा."

सासू आपली दोन मापं भरून आली. सून मात्र एकच माप घेऊन परतली.

"अगं, ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं, आत्याबाई. पण अळ्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. परत नाही ठेवायची."

"तेव्हा ठेवू नका म्हटलं होतं. आज ठेवा म्हटलंय."

"दाणे तर तेच आहेत ना?" सून म्हणाली आणि चूल पेटवू लागली.

विसाव्याच्या सकाळी ती सवयीने भांडं घेऊन बाहेर पडली. सगळीकडे कोरडी वाळू. ती पार टेकडीपर्यंत जाऊन आली. एक दाणा नाही. ऊन चढलं. पाठीवरची मुलगी भुकेने रडू लागली आणि आई पाजायला बसली तर दूध येईना.

ती तंबूत परतली तेव्हा सासूने आपलं झाकलेलं भांडं पुढे ओढलं. सुनेने श्वास रोखून झाकण काढलं. वास नाही, अळी नाही. काल भाजलेल्या पोळ्या तशाच ताज्या होत्या.

"एकीचं आहे, दोघींत खाऊ," सासू म्हणाली. "आधी तू घे. तुझ्यामागे पोर आहे."

सुनेने घास घेतला. दोघी अर्धपोटीच राहिल्या, पण मुलीला थोडं दूध मिळालं. मग न राहवून तिने विचारलं, "आत्याबाई, तेच दाणे, तसंच भांडं. माझं कुजलं आणि तुमचं कसं टिकलं?"

"मला काय ठाऊक, बाई. मीही रात्रभर तोच विचार करत होते. पण ठेव म्हणाला तो देव, तेव्हा टिकवायचं कसं ते त्याने बघावं. भांड्याला विचारून काय कळणार?"

पुढच्या खेपेला विसाव्याच्या आदल्या दिवशी सुनेने दुप्पट वेचलं. संध्याकाळी पोटभर जेवली, मुलीला पाजलं, उद्याचं भांडं झाकून ठेवलं. एकदा तिचा हात झाकणाकडे गेला. तिने तो मागे घेतला, मुलीच्या अंगावर ठेवला आणि झोपून गेली.

ज्याने आजचा घास दिला, त्याच्या शब्दावर उद्याची काळजी सोपवणं, यालाच विश्वास म्हणतात.