तांदळाएवढी जागा

एका राज्यात धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढायची रीत होती. दोरीने अंगठा कापू नये म्हणून त्यात दगडी कडं घालायचं. आणि राज्याच्या वारसाने सातव्या वर्षी पहिला बाण वेशीबाहेर सोडावा, तोवर त्याच्यासाठी वेशीचे दरवाजे बंद राहावेत, असा तिथला नेम.

तिथल्या राजाचं कडं लढाईत सैल पडून गळालं. राजा परत आला नाही. तेव्हापासून राणी हेमांगीच्या जिवाला घोर. लेक एकुलती एक, इंदुली. तिला शिंक आली तरी राणी चार वेळा कपाळाला हात लावून बघे.

इंदुलीला सातवं लागलं. कडी घडवणारे म्हातारे गोंदोबा कड्याचं माप घ्यायला आले. ओला दोरा अंगठ्याभोवती गुंडाळून त्यांनी त्याखाली तांदळाचा एक दाणा ठेवला.

"हा कशाला?" राणीने विचारलं.

"जागा ठेवतो, राणीसाहेब. कडं होणार मांत्रिकाच्या टेकडीवरच्या हिरव्या दगडाचं. त्या दगडाला जागा दिली नाही तर तो आपली आपण घेतो."

"टोचतो का गं?" राणीने लेकीला विचारलं.

"गुदगुल्या होतात," इंदुली म्हणाली.

गोंदोबा सुरी घ्यायला वळले. तेवढ्यात राणीने दाणा काढला, दोरा आवळला आणि दाणा आपल्या पदराच्या गाठीत बांधला. घट्ट असलेलं बरं. गळायचं नाही.

त्याच मापाचं कडं घडलं, आणि नेमाच्या दिवशी वेशीवर इंदुलीने दोरी ओढली. ती सुटेना. अंगठा हिरवागार दगड झाला, धनुष्य हाताला चिकटून बसलं. दुसऱ्या दिवशी मनगट गेलं, तिसऱ्या दिवशी कोपर. कडं लोण्याने निघेना, मंत्राने निघेना.

गोंदोबा हात जोडून म्हणाले, "खांद्यापुढे काळीज आहे, राणीसाहेब. टेकडीवर जा."

राणी निघाली ती अनवाणीच. मांत्रिक कधीच वारला होता, टेकडी राखायला धनेश पक्ष्याची मादी होती. झाडाच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून ती आत बसली होती. नुसती चोच बाहेर.

"तीन कामं करशील?"

"तीनशे करीन."

"तीनच पुरेत. झऱ्याचं पाणी ओंजळीतून आण."

सांडेल या भीतीने राणीने मुठी आवळल्या, आणि पाणी सांडलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने हात सैल धरले, तेव्हा पाणी पोचलं.

पक्षिणीने चिखल फोडून पिलू बाहेर दिलं. "तळहातावर घे. दरीच्या काठावर उभी राहा."

"पडलं तर?"

"पडेलही."

पिलू बराच वेळ बसून राहिलं. राणीने बोटं मिटली नाहीत. मग पिलाने पंख झाडले आणि ते गेलं.

राणीने विचारलं, "एवढी लिंपून का बसली होतीस?"

"पिलांसाठीच. पण फट ठेवली होती. फट नसती तर घास कुठून आला असता?"

राणीचा हात पदराच्या गाठीकडे गेला. मग म्हणाली, "तिसरं?"

"गाठीत बांधलंयस ते जिचं आहे तिला दे. तोंडाने सांगून दे."

यापेक्षा दरी सोपी होती, असं राणीला वाटलं. तरी ती घरी आली. दगड खांद्याला लागला होता. इंदुली उशीला टेकून बसली होती, धनुष्य मांडीवर.

राणीने पदराची गाठ सोडली. "हा तुझा दाणा. मी काढला. गोंदोबांची चूक नाही. तू माझ्याजवळून गळशील, या भीतीने काढला."

"मला ठाऊक होतं, आई. मधेच गुदगुल्या थांबल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रडली असतीस."

राणी रडलीच. रडत रडत तिने दाणा कड्याच्या कडेला टेकवला. दगडाने तो आत ओढून घेतला. खांदा ऊन झाला, मग कोपर, मग मनगट. शेवटी अंगठा हलला, आणि इंदुली खुदकन हसली.

"झाल्या गुदगुल्या," ती म्हणाली.

सकाळी वेशीवर अख्खं गाव जमलं. राणी लेकीच्या मागे उभी राहिली, हात लावायचा मोह आवरून, एक पाऊल दूर. इंदुलीने दोरी ओढली आणि सोडली. कडं अंगठ्यातच राहिलं. बाण मात्र वेशीबाहेर गेला, पार पलीकडच्या कुरणात.

दरवाजे करकरत उघडले. "जा, घेऊन ये तुझा बाण," राणी म्हणाली, आणि लेक दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

ही कथा इथे सरली, तांदळाएवढी जागा उरली. ती ज्याची त्याने आपल्या लेकराला द्यावी.